मागचं डावं चाक

१

चाक पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. टायर धड, रिम धड, कुठे साधा पोचाही नाही. एका बाईचं आयुष्य उधळून आलेली वस्तू इतकी साळसूद कशी दिसू शकते, असं ताईच्या मनात येऊन गेलं.

ताई जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायची. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर तिनं चालवायला घेतलं आणि बाजारातले लहानथोर सगळेच तिला ताई म्हणू लागले. कंपनीनं कधीच बंद केलेली, जिचा पार्ट कुणाकडेच मिळत नाही अशी गाडी फिरून फिरून शेवटी ताईच्या दारात येऊन उभी राहायची.

गावात चष्म्यांचं दुकान असलेल्या चष्मेवाल्यांची निळी गाडी अशीच. काल सकाळी पाण्याच्या टाकीच्या उतारावर तिचं मागचं डावं चाक निखळलं. गाडी फरफटत जाऊन कठड्यावर आदळली. चष्मेवाल्यांच्या बरगड्या मोडल्या, पण ते वाचले. चाक मात्र थांबलं नाही. ते एकटंच उतारावरून गडगडत गेलं आणि खाली पत्रं वाटत चाललेल्या टपालवालीला त्यानं मागून उडवलं. तिच्या पायाचा चुरा झाला. पाय वाचेल का, एवढंच डॉक्टर बोलत होते. ती पुन्हा चालेल का, हे विचारायचं धाडस कुणी करत नव्हतं.

"हे बघा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्या आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे समोरच्यालाच आपण ओरडतोय असं वाटायचं. त्यांनी चाकावरची झाकणी उलटी करून दाखवली. आत नट खुळखुळले. "झाकणी चाकाबरोबरच सापडली. नट आत अडकून राहिले होते. एकही तुटलेला नाही, आटेही शाबूत आहेत. म्हणजे नट मोडले नाहीत, सुटले. आपोआप सुटतील?"

"एखादा सुटेल," ताई म्हणाली. "सगळे नाही."

"मग कुणीतरी सैल केले. चष्मेवाल्यांशी दोघांचं वाजलं होतं. एक मिस्त्री. 'ही भानगड पुन्हा माझ्या गॅरेजात आणू नका' असं चार लोकांसमोर म्हणाला. दुसरा गल्लीतला बेकरीवाला. गाडी आडवी लावता म्हणून त्यानं 'एक दिवस चाकं काढून ठेवीन' अशी धमकी दिली होती." त्यांनी शेजारी ओढून आणलेल्या निळ्या गाडीखाली बोट दाखवलं. चाक ज्यावर बसवतात तो हब तिथे उघडा पडला होता. "हा तुमच्या दुकानातला ना?"

"हो."

"बरोबर होता?"

ताईनं हबवरून नजर काढून घेतली. "बसत होता," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण खरंही पुरतं नव्हतं. त्या हबचे आटे उलटे होते. जगातले बाकीचे नट उजवीकडे फिरवले की आवळतात, त्याचे नट उजवीकडे फिरवले की सुटायचे. हे ताईला माहीत होतं, मिस्त्रीला माहीत होतं. आणखी कुणाला माहीत होतं, याची तिला खात्री नव्हती.

ती तशीच घरी गेली.

२

ती निळी गाडी म्हणजे एका छपराखाली नांदणाऱ्या चार गाड्या होत्या. पुढचं दार उघडायला हँडल वर ओढावं लागे, मागचं उघडायला खाली दाबावं लागे. गिअरबॉक्स कुठल्याशा टेम्पोचा, पुढची चाकं एका सालची, मागची दुसऱ्या. हे सगळं चष्मेवाल्यांच्या थोरल्या भावानं, दादांनी जमवलेलं. दादांनी जन्मभर बस चालवली आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी जोडली. त्यामुळे ताईला 'अमुक सालचा पार्ट द्या' असं कुणी सांगूच शकत नव्हतं. आधी तुटलेला भाग काढून आणायचा, मग तिनं तो मापायचा आणि मग शोध सुरू करायचा. तिला ते आवडायचं. न जुळणाऱ्या गोष्टी जुळवण्याचा तिला नाद होता.

मागच्या डाव्या चाकाचा हब तडकला तेव्हा तिनं सगळा भंगार बाजार पालथा घातला. हवा तसा नवीन बनावटीचा हब एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे होता, पण तो एका गाडीच्या पोटात, आणि ती गाडी खोलायला त्याला सवड नव्हती. ताईकडे जुन्या बनावटीचा एक पडून होता. पूर्वी ती कंपनी डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे द्यायची, पुढे तिनं ती पद्धत सोडली. बाकी मापं तीच. बसला असता.

"थांबता आलं तर बरं," ती चष्मेवाल्यांना म्हणाली होती.

"थांबता नाही येणार हो. दादांना घेऊन कुठे कुठे जायचं असतं."

तिनं दिला. अशा नटांना लाल रंग लावूनच माल दुकानाबाहेर पाठवायचा, हा वडिलांचा नियम. रंगाचा डबा उघडला तर रंग सुकून दगड झालेला. काउंटरवर गर्दी, चष्मेवाल्यांच्या कानाला फोन. तिनं नटावरच्या बारीक खाचेवर बोट ठेवून सांगितलं, "हे उलटे फिरतात हं, लक्षात ठेवा." त्यांनी मान हलवली. ती मान आपल्या बोलण्याला होती की फोनवरच्या माणसाला? परवापासून ताई हेच एक दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणत होती आणि प्रत्येक वेळी ती मान वेगळी हलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री दुकानात आला. आल्या आल्या स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"ताई, मला वेड लागायची पाळी आलीय. मी डावीकडेच आवळले होते ना? सवयीनं हात उजवीकडे तर गेला नसेल?"

"उजवीकडे फिरवले असते तर चाक गॅरेजच्या दारातच पडलं असतं. तुम्ही बसवल्यावर गाडी कितीतरी दिवस चालली."

"मग मालकांना उलट्या आट्यांचं सांगितलं का नाही, असं विचारलं तर काय बोलू? मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

"आणि मला वाटलं तुम्ही सांगाल," ताई म्हणाली.

गिऱ्हाईक आलं, विचारून गेलं, कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली. इन्स्पेक्टरबाई उतरल्या. त्यांनी ताईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मिस्त्री, चला. जरा बसून बोलायचंय."

त्यानं जाताना ताईकडे एकदाच वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसलं असतं. त्यात नुसता भरवसा होता.

३

ताईनं शटर ओढलं आणि तडक ठाण्यावर गेली.

"मॅडम, काल मी अर्धंच सांगितलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली आणि मग सगळं सांगून टाकलं. उलटे आटे, सुकलेला रंग, ती मान. "मिस्त्रीला सोडा. चूक असेल तर ती माझ्यापासून सुरू होते."

इन्स्पेक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "तुम्ही काहीतरी गिळलंत हे मला कालच दिसलं. कधी ओकताय याची वाट बघत होते. मिस्त्रीला मी काही डांबून ठेवलं नाहीये, पण त्याच्यावरचा संशय अजून फिटलेला नाही. बसा. आणि आता दुकानदार म्हणून नको, जाणकार म्हणून बघा."

त्यांनी टेबलावर दोन ढीग केले. एका बाजूला निखळलेल्या चाकाचे नट, दुसऱ्या बाजूला उरलेल्या तीन चाकांचे. "एक गंमत सांगते. हे बाकीच्या चाकांचे नट काढताना आमच्या माणसांना घाम फुटला. पान्याला लांब पाइप लावावा लागला. इतके करकचून आवळलेले. मिस्त्री म्हणतो, 'मी इतके कधीच आवळत नाही.' आता मला सांगा, एक चाक पाडायला निघालेला माणूस बाकीची तीन इतक्या काळजीनं आवळून का ठेवेल?"

ताईनं एक नट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मग दुसऱ्या ढिगातला एक.

"मॅडम, पाना एकाच दिशेनं फिरत राहिला तर नटाच्या कोपऱ्यांची एकच बाजू घासते. हे बघा, या तीन चाकांच्या नटांचा रंग एका बाजूनंच झिजून उडालाय, दुसऱ्या बाजूला तुमच्या माणसांच्या पान्याचा ताजा ओरखडा तेवढा आहे. कुणीतरी नेहमी आवळतच आलंय." तिनं दुसरा नट पुढे केला. "आणि हा निखळलेल्या चाकाचा. नवा दिला होता, काळाभोर. मिस्त्रीनं एकदाच आवळलेला. आता दोन्ही बाजूंनी खरवडलाय, आतलं लोखंड दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी तो सारखा सैल करत होतं. आणि कुणीतरी सारखा पुन्हा आवळत होतं."

इन्स्पेक्टरबाईंनी तो नट हातात घेऊन फिरवून पाहिला. "वैरी एकदाच सैल करतो," त्या हळूच म्हणाल्या. "असं रोज कोण करेल?"

४

इन्स्पेक्टरबाई ताईला घेऊन चष्मेवाल्यांच्या गल्लीत गेल्या. बेकरीवाला दारातच पीठभरल्या हातांनी उभा होता. पोलीस दिसताच त्यानं दोन्ही हात वर केले.

"बोललो होतो, नाही म्हणत नाही. रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण त्या गाडीच्या जवळ जायची सोय आहे का? सकाळी ती बाहेर काढायची म्हणजे त्या घराचा सोहळाच असतो. आधी थोरला येतो, पाना घेऊन गाडीभोवती फेरी मारतो. तो आत गेला की धाकटा येतो, तोही पाना घेऊन, गुपचूप. आम्ही इकडे पाव भाजता भाजता हसायचो. एका गाडीला दोन दोन राखणदार!"

"आणि परवा?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

बेकरीवाल्याचं हसू विरलं. तो आठवू लागला. "परवा... थोरला आला होता. धाकटा नुसता धावत आला, फोनवर बोलत बोलत बसला गाडीत आणि निघाला. त्यानं फेरी मारली नाही."

तिथून दोघी समोर चष्मेवाल्यांच्या घरात शिरल्या.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, ताठ कणा, आणि बस चालवणाऱ्या माणसाचे ते रुंद पंजे मांडीवर. ताईची चाहूल लागताच ते म्हणाले, "कोण?"

"मी, दादा. पार्टच्या दुकानातली."

"ये पोरी. एकटीच आलीस?"

इन्स्पेक्टरबाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, ऐन उजेडात. चष्मेवाल्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, घाईघाईनं पुढे आली. "मॅडमही आल्यात, दादा. तुमचं लक्ष नसेल."

"हो हो, दिसल्या ना," दादा म्हणाले आणि भलत्याच दिशेला मान झुकवून नमस्कार केला.

इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना परवाच्या सकाळबद्दल विचारलं.

"मी काय सांगू? मिस्त्रीला विचारा. हल्लीच्या माणसांना घाई फार. मी इतकी वर्षं बस चालवली, एकदा चाक हललं नाही. का? तर गाडी दाराबाहेर काढायच्या आधी मी स्वतः जाऊन..."

"दादा, चहा निवतोय," वहिनी म्हणाली. दादांनी हात पुढे केला तो कपाच्या बाजूला. वहिनीनं कप हळूच त्या हाताखाली सरकवला, इतक्या सफाईनं की हे रोजचंच असावं.

बाहेर आल्यावर वहिनीनं ताईचं मनगट धरलं. "तुम्हाला कळलंय," ती कुजबुजली. "त्यांना नका सांगू. मरतील ते."

५

इस्पितळात चष्मेवाले उशांना टेकून बसले होते. छातीला पट्टे. इन्स्पेक्टरबाईंनी फक्त तो खरवडलेला नट त्यांच्या पांघरुणावर ठेवला. चष्मेवाल्यांनी तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले.

"ताई, तुम्ही नीट सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलंही होतं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

ताईला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मिस्त्री अजून ठाण्यात बसला होता, टपालवाली खालच्या मजल्यावर होती, आणि हबही तिच्याच दुकानातला होता.

"मग भावाला का नाही सांगितलंत?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"मी सगळ्या गावाचे डोळे तपासतो, मॅडम. दादांच्या डोळ्यांना आता कुठलीच काच पुरणार नाही, हे मला वर्षापूर्वीच कळलं. त्यांनाही कळलंय. पण त्यांनी तोंडातून काढलं नाही, आणि मग आम्हीही नाही. ते दिसत असल्यासारखं वागतात, आम्ही त्यांना दिसतंय असं वागतो. आणखी काय करणार? बस गेली, गाडी चालवणं गेलं. उरलं होतं काय, तर मी निघण्याआधी चारी चाकं बघणं. हातात जोर नाही राहिला, तर पान्याच्या दांड्यावर पाय देऊन दाबायचे. एकेका नटाला एक दाब. पायाला काय कळणार, नट बसला की सुटला?"

ते दम खायला थांबले. बरगड्यांवर हात दाबून धरला.

"उलट्या आट्यांचं सांगायचं म्हणजे 'दादा, ती खाच बघून ओळखा' असं सांगायचं. ते वाकून शोधत बसले असते, आणि मला ते बघत उभं राहावं लागलं असतं. तेवढं धैर्य झालं नाही माझं. त्यापेक्षा मीच मागून जायचो. त्यांनी सैल केलेलं मी आवळायचो. कितीतरी दिवस निभलं. परवा दुकानातून फोन आला, शटर अडकलंय म्हणून. शटर, मॅडम! आग नाही, चोरी नाही. मी तसाच निघालो." त्यांचा आवाज फाटला. "लिहा की पाना मी फिरवला. सही करतो. दादांचं नाव नको."

"खोटं मी लिहिणार नाही," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या भावानं जाणूनबुजून काही केलेलं नाही, ते मी तसंच लिहीन. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गाडी काढलीत, तेही लिहीन. मिस्त्रीला आत्ता सोडायला सांगते. पण जबाब घ्यायला मला तुमच्या घरी परत जावंच लागेल. त्यांना हे पोलिसाच्या तोंडून कळावं असं वाटत असेल तर तसं सांगा."

चष्मेवाल्यांनी मान वळवून ताईकडे पाहिलं. मागायची लाज वाटत होती, तरी डोळे मागत होते.

"मी जाते," ताई म्हणाली.

६

जाताना तिनं दुकानातून जुन्या हबचा एक सुटा बोल्ट आणि त्याचा नट घेतला. काय बोलायचं हे वाटेत दहादा जुळवलं आणि दहादा मोडलं. आयुष्यभर न जुळणारं जुळवलेल्या बाईला चार वाक्यं जुळेनात.

शेवटी ती दादांसमोर खाली जमिनीवरच बसली आणि बोल्ट त्यांच्या हातात ठेवला.

"दादा, यावरचा नट अर्धा चढवलेला आहे. आवळून दाखवता?"

"म्हणजे माझी परीक्षा घेतेस का?" ते हसले. त्यांच्या बोटांनी नट सहज पकडला आणि उजवीकडे फिरवला. एक वेढा, दुसरा वेढा. नट बोल्टावरून सुटून त्यांच्या मांडीवर पडला.

दादांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी नट चाचपून उचलला, पुन्हा लावला, डावीकडे फिरवला. तो चढत गेला. मग अंगठा त्याच्या कडेवरून फिरला, खाचेशी अडला, आणि तिथेच राहिला.

"उलटे आटे," ते म्हणाले. "माझ्या पहिल्या बसला होते." त्यांनी बोल्ट मुठीत धरला. "आपल्या गाडीला होते?"

"मागच्या डाव्या चाकाला. मी दिले."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर दाबून उभी होती. दादांनी तिच्या दिशेनं मान वळवली. दिसत नसताना ती कुठे उभी आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"धाकट्याला माहीत होतं?"

"हो, दादा."

"आणि तो माझ्यामागून जाऊन नीट करायचा."

वहिनी येऊन त्यांच्या खुर्चीशी उभी राहिली.

"मला वाटायचं, मी लपवतोय," दादा म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून. सकाळी अंगणात जाताना मी पावलं मोजायचो, पान्याची मूठ चाचपून घ्यायचो, आणि म्हणायचो, बघा, अजून कुणाला पत्ता नाही. आणि तुम्ही सगळे..." त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला. "'दादा, तुम्हाला दिसत नाही' एवढे चार शब्द. तुम्ही नाही बोललात. मी तरी कुठे बोललो?"

मग ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले.

"ती बाई कुठे आहे? मला घेऊन चला. आणि हात धरा माझा. उघड धरा."

७

टपालवालीचा पाय वाचला होता, पण गुडघा वाकणार नव्हता. तिच्या खाटेजवळ मिस्त्री आधीच बसलेला होता. ठाण्यातून सुटला तो घरी न जाता इथेच आला होता. मी आवळलं होतं बरोबर, पण बाई, झोप लागेना, असं तो तिला सांगत होता.

वहिनीनं दादांचा हात धरून त्यांना खुर्चीशी आणलं. चष्मेवाले चाकांच्या खुर्चीत, ढकलायला ताई. टपालवालीनं या सगळ्या लवाजम्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

दादांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बाई, चाक मी सोडलं. आवळतोय असं समजून. मला दिसत नाही. वर्षभर दिसत नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही."

"मला माहीत होतं," चष्मेवाले म्हणाले. "दादांना वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही."

"नट उलटे आहेत हे मी तोंडी सांगितलं," ताई म्हणाली. "रंग लावला नाही. खरं तर तो हब द्यायलाच नको होता. थांबायला सांगायला हवं होतं."

टपालवाली तरुण होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. तिनं छताकडे पाहत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही सगळे एकमेकांना जपत होता," टपालवाली शेवटी म्हणाली. "ते यांना, हे त्यांना. ताई गिऱ्हाइकाला. आणि मी? मी तर रस्त्यानं चालले होते. मला कोण जपणार होतं?"

मिस्त्री हातातली टोपी चुरगाळत राहिला. ताईला कळत होतं, माफी मागणं सोपं होतं, पण ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

दादा तिच्या आवाजाच्या रोखानं चेहरा करून बसले होते. "कुणीच नाही," ते म्हणाले. "आम्ही घरातल्या घरात जपत बसलो. रस्त्याचा विचारच केला नाही."

नर्स आली. भेटायची वेळ संपली म्हणाली, पेशंटला थकवू नका म्हणाली. वहिनीनं दादांच्या कोपराला हात लावला. सगळे उठायच्या बेतात होते.

"राहू द्या त्यांना, सिस्टर," टपालवाली म्हणाली. तिनं मान वळवून पहिल्यांदाच दादांकडे नीट पाहिलं. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. उद्याही म्हणेन की नाही, ठाऊक नाही. पण यांच्या घरात वर्षभर कुणी कुणाशी खरं बोललेलं नाही. आता माझ्याशी तरी बोलू देत."

दादा पुन्हा खुर्चीत टेकले. ताईनं चष्मेवाल्यांची खुर्ची खाटेच्या आणखी जवळ आणली, आणि स्वतः भिंतीशी न उभी राहता खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली.

"विचार," दादा म्हणाले. "काय विचारायचं ते विचार, पोरी."